प्रायमर लावल्याने फाऊंडेशन खरंच जास्त वेळ टिकतं का? (स्वस्तातले प्रायमर, स्वतः करून पाहिलेलं)

केतकी_वारजे

मंडळी, मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. कार्यालय कर्वे रोडवर, आणि करवली मी. सकाळी आठला चेहऱ्याला जे लागेल ते रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत टिकायला हवं, मधे पुसून पुन्हा करायला कुणी वेळ देणार नाही. म्हणून प्रायमर, म्हणजे फाऊंडेशनच्या आधी लावायचा थर, घ्यायला निघाले. मोठ्या दुकानातले दोन-अडीच हजारांचे नकोत. मेडिकलमध्ये आणि तुळशीबागेत ३०० ते ५०० रुपयांत मिळतात ते. खोक्यावर सगळ्यांच्याच ‘१२ तास’ छापलेलं असतं, त्यामुळे खोक्यावर भिस्त न ठेवता घरी करून पाहायचं ठरवलं.

दोन आणले. एक मऊ, सिलिकोनवाला, बोटावर घेतला की मखमली लागतो. दुसरा पाण्यासारखा जेल. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला प्रायमर, डावीकडे नुसतं माझं रोजचं मॉइश्चरायझर. दोन्हीकडे फाऊंडेशन तेच, तेवढंच, एकाच ओल्या स्पंजने थोपटून. वर पावडर नाही की स्प्रे नाही, नाहीतर कशामुळे काय टिकलं ते कळायचं नाही. आणि तशीच ऑफिसला.

सिलिकोनवाल्याचं सांगते. लावल्या लावल्या उजवी बाजू निश्चित गुळगुळीत दिसत होती, छिद्रं बुजल्यासारखी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच. चारच्या चहाला नाकाशी फरक दिसला. डावीकडे नाकपुडीच्या वळणात फाऊंडेशन तुटून बारीक ठिपके झाले होते, उजवीकडे तिथे नुसती चमक होती, रंग जागेवर. कपाळावरही उजवीकडे थोडं बरं. गालांवर मात्र काही म्हणता काही फरक नाही. चष्म्याच्या खुणा दोन्हीकडे सारख्या. हनुवटीवरचं दोन्हीकडे उडालेलं.

जेलवाल्याच्या वरून फाऊंडेशन थोपटायला गेले तर वळ्या सुटायला लागल्या. ऑफिसला जाण्याआधीच पुसावं लागलं.

तर प्रश्न असा, की नाकापुरत्या फरकासाठी आणखी एक ट्यूब घ्यावी का? तुमचे अनुभव सांगा. तेलकट, कोरडी, सगळ्या त्वचांचे.

मोरपंखी

रुमाल टाकून ठेवते. नणंदेचं लग्न आहे. :-)

सदाशिवपेठी_आजी

आमच्या वेळी स्नो आणि वर पावडर. लग्न लागून पंगती उठेपर्यंत टिकत असे. फोटो आहेत माझ्याकडे!

बोकोबा

आजी, ते फोटो कृष्णधवल असतील. त्यात काय टिकलं नि काय उडालं कुणाला कळणार? :-)

सदाशिवपेठी_आजी

रंगीत आहेत हो बोकोबा. आणि शालूचा रंगसुद्धा ओळखू येतो.

रंगपेटी

मी नाटकांची रंगभूषा करते. भरत नाट्य, बालगंधर्व, यशवंतराव, सगळीकडच्या मेकअप रूममध्ये उभी राहिले आहे, त्यातल्या एसीचा भरवसा धरून मी कधी काम करत नाही. माझं स्पष्ट मत आहे की टिकण्याचं श्रेय प्रायमरला फुकट मिळतं. टिकतं ते पातळ थरामुळे. एकदम जाड थर थापला तर तो हलणारच, खाली काहीही लावा. थोडं फाऊंडेशन घ्यायचं, ओल्या स्पंजने दाबत बसवायचं, घासायचं नाही. मग टिश्यूने एकदा टिपायचं आणि जिथे तेल येतं तिथेच पावडर दाबायची. मग दुसरा थर, तोही हवा असला तरच.

पॅनकेक, म्हणजे वडीसारखा घट्ट मेकअप, १९३० च्या दशकात सिनेमासाठी निघाला आणि आपल्या नाटकवाल्यांनी तो आजतागायत सोडलेला नाही. कारण तो ओल्या स्पंजने लावतात, पाणी उडून जातं आणि मागे कोरडा रंग उरतो. त्यात निसरडं होण्यासारखं फारसं काही नसतं. दोन अंकी नाटक दिव्यांखाली निघतं त्यावर, प्रायमरशिवाय.

केतकी, तू पावडर मुद्दाम टाळलीस हे चाचणी म्हणून बरोबर. पण लग्नात तू पावडर लावणारच आहेस. मग पावडर लावूनही उजवी-डावी वेगळी दिसते का, हे पाहा. कामाचा प्रश्न तो आहे.

प्राची_दादर

पुण्याच्या घामाला आम्ही घाम म्हणत नाही. :-) इकडे मे महिन्यात लोकलमधून उतरेपर्यंत प्रायमर, फाऊंडेशन, सगळं रुमालावर असतं.

केतकी_वारजे

प्राची, मान्य! पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या घरात जातो आणि हवा कोरडी. घाम सुकतो, तेल राहतं. मला त्रास तेलाचाच होतो.

रंगपेटीताई, पावडर लावून नक्की करून बघते.

रसायनी

चाकणजवळ प्रसाधनांच्या कारखान्यात फॉर्म्युलेशनचं काम करतो. प्राची आणि केतकी यांच्या वरच्या दोन प्रतिसादांतच अर्धं उत्तर आलं आहे. घाम आणि तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रायमर दोन्हीला सारखा पुरा पडत नाही.

सिलिकोन प्रायमरमध्ये साधारण तीन गोष्टी असतात. डायमेथिकोन, म्हणजे सिलिकोनच्या लांब साखळ्या, ज्या त्वचेवर पातळ, घसरता थर धरतात. क्रॉसपॉलिमर, म्हणजे त्याच साखळ्या एकमेकींना जोडून केलेलं जाळं. मखमली स्पर्श यामुळे येतो, आणि खळगे भरले गेल्याने प्रकाश विखुरतो म्हणून छिद्रं दिसत नाहीत. तिसरं सायक्लोपेंटासिलोक्सेन. ते पसरायला मदत करतं आणि उडून जातं. शिवाय बऱ्याच प्रायमरांत सिलिका असते, ती तेल शोषते. केतकीला नाकाशी फरक दिसला तो सिलिका आणि त्या जाळ्यामुळे असणार. नाकाच्या कडेला तेलग्रंथी भरपूर, तेल वर येतं आणि फाऊंडेशनचा थर सैल करतं. मधे तेल शोषणारं काही असेल तर ते थोडं उशिरा होतं. शोषून भरलं की मग पुढे काही नाही. म्हणून फरक काही तासांचा असतो, दिवसाचा नाही.

घामाचं तसं नाही. तो थराच्या खालून पाणी होऊन येतो आणि थर उचलतो. प्रायमर घाम थांबवत नाही.

आता टिकण्याबद्दल. ‘लाँगवेअर’ लिहिलेल्या फाऊंडेशनमध्ये आयसोडोडेकेनसारखं उडून जाणारं द्रावण आणि ट्रायमिथाइलसिलोक्सिसिलिकेटसारखं फिल्म धरणारं रेझिन असतं. द्रावण उडालं की रंग त्या फिल्ममध्ये अडकतो. फिक्सिंग स्प्रेमध्येही फिल्म धरणारं पॉलिमर असतंच. टिकवण्याचं मुख्य काम ही मंडळी करतात. प्रायमर हा भिंतीवरच्या पुट्टीसारखा आहे, पृष्ठभाग सारखा करतो. पैसे मोजकेच असतील तर ते आधी फाऊंडेशनवर घालावेत असं मी सांगेन.

अनुजा_के

रसायनी, मग वळ्यांचं काय? सगळीकडे वाचते की पाण्याच्या प्रायमरवर पाण्याचं फाऊंडेशन आणि सिलिकोनवर सिलिकोनचं. यादीत पहिलं नाव पाणी असेल तर पाण्याचं.

रसायनी

या नियमाने फार लोकांची फसगत होते. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात हे खरं, निदान १ टक्क्याच्या वरचे तरी. पण आज बाजारातली कितीतरी लिक्विड फाऊंडेशन्स अशी असतात की पहिलं नाव पाणी, दुसरं-तिसरं सिलिकोन, आणि बांधणी सिलिकोनमध्ये पाण्याचे थेंब अशी. म्हणजे बाहेरची बाजू सिलिकोनची. वागायला ते सिलिकोनचंच फाऊंडेशन, यादी काही म्हणो.

घरी ओळखायचं असेल तर वाटीत पाणी घ्या, त्यात फाऊंडेशनचा छोटा थेंब सोडा आणि काडीने हलकं ढवळा. दुधासारखं पांढुरकं होऊन मिसळलं तर बाहेरची बाजू पाण्याची. गोळा होऊन तरंगत किंवा तळाशी चिकटून राहिलं तर सिलिकोन किंवा तेलाची. प्रायमरलाही हीच परीक्षा.

आणि वळ्यांचं कारण दर वेळी जोडी न जुळणं हेच नसतं. खालचा सनस्क्रीन किंवा जेल सुकायच्या आत वरचा थर लावून घासला, किंवा जेलमध्ये घट्टपणासाठी घातलेला पॉलिमर जास्त असला, तरी वळ्या सुटतात. आधी कमी लावून, दहा मिनिटं थांबून पाहावं.

मोरपंखी

वाटीचा प्रयोग आत्ताच केला! माझ्या फाऊंडेशनवर पहिलं नाव पाणी आहे आणि थेंब तळाशी गच्च बसलाय. एवढे दिवस कोरफडीच्या जेलवर लावून वळ्या काढत होते त्याचं कारण आज कळलं. धागा वाचनखुणेत.

हेल्मेटवाली

पुण्यातली खरी चाचणी कुणी केलीच नाही. स्कार्फ! कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीवर जायचं, चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट. उतरून आरशात पाहिलं की नाक आणि गालाचं हाड उघडं पडलेलं असतं, कारण सुती स्कार्फ दर श्वासाला तिथेच घासतो. प्रायमर लावूनही, न लावूनही. स्कार्फची आतली बाजू पाहा, सगळं फाऊंडेशन तिथे. मी आता नुसतं सनस्क्रीन लावून निघते आणि मेकअप ऑफिसच्या वॉशरूममध्ये करते.

कोथरूडकर

लिफ्टमध्ये स्कार्फ सोडल्यावर शेजारीण ओळखू येत नाही. दोन्ही प्रकारे.

अनुजा_के

हेल्मेटवाली +१. घर्षणापुढे काही टिकत नाही. मी मेट्रोने जायला लागल्यापासून तेच फाऊंडेशन संध्याकाळपर्यंत दिसतं. उन्हाळ्यात वनाझ ते रामवाडी एसीत बसून जाणं हाच माझा प्रायमर.

गणिती

चाचणीबद्दल थोडं. केतकी, तुमची पद्धत बहुतेक यूट्यूबवाल्यांपेक्षा बरी आहे, कारण दुसऱ्या बाजूला मॉइश्चरायझर होतं. बरेच जण दुसरी बाजू कोरडी ठेवतात. मग जिंकतो तो प्रायमर की नुसता ओलावा, हे कळत नाही.

तरी दोन भोकं राहतात. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. फोन एकाच कानाला, झोप एका कुशीवर, बसच्या खिडकीतलं ऊन एका गालावर. म्हणून बाजू बदलून करायला हवं, आणि ती तुम्ही न निवडता नाणं उडवून. दुसरं म्हणजे, प्रायमर कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे त्याच्या डोळ्याला तिथे बरं दिसतंच. दोन सारख्या डब्यांत प्रायमर आणि मॉइश्चरायझर काढून घरातल्या कुणाला तरी लावायला सांगा. संध्याकाळी खिडकीतल्या त्याच उजेडात फोटो काढा आणि ज्याला काहीच माहीत नाही अशाला विचारा, कुठली बाजू बरी.

बोकोबा

घरातल्या कुणाला तरी म्हणजे नवऱ्याला ना? तो दोन्ही बाजूंना ‘छानच दिसतंय’ म्हणणार. विदा (डेटा) गोळा होणार नाही.

गणिती

तोही विदाच. त्याला फरक दिसत नसेल तर कार्यालयातल्या पाचशे पाहुण्यांनाही दिसणार नाही.

मृण्मयी_औंध

अवांतर होईल, पण लिहितेच. शेडबद्दल कुणी बोलत नाहीये. दुकानात हातावर लावून दाखवतात ती शेड दर वेळी माझ्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ. ‘मॅडम, हा तुम्हाला खुलून दिसेल.’ नाही दिसत! चेहरा एका रंगाचा आणि गळा दुसऱ्या. मी सावळी आहे आणि मला सावळंच दिसायचंय, फक्त सारखं. मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या बाहेर येऊन उजेडात बघा. सेल्सगर्ल काही म्हणाली तरी बाहेर या.

रंगपेटी

मृण्मयी, शंभर टक्के. आणि थोडा वेळ थांबूनच ठरव. फाऊंडेशनमधलं उडून जाणारं उडालं, त्वचेचं तेल रंगात मुरलं, की शेड गडद दिसते. लावल्या क्षणी जुळणारी शेड दुपारी काळपट वाटते ती यामुळे. प्रायमरने हेही थोडं लांबतं, तेवढं श्रेय मी त्याला देते.

आता मे महिन्यातल्या नवऱ्यांसाठी, म्हणजे नवरीमुलींसाठी. हळद! सकाळी हळद आणि दुपारी मुहूर्त असला की बेस टिकत नाही याचं कारण खाली राहिलेलं तेल. हळद तेलात कालवलेली असते, वरवर धुतलं तरी पापुद्रा राहतो आणि त्यावर कुठलाही प्रायमर घसरतो. हळदीचा रंग पाण्यात जात नाही, तेलात जातो. आधी क्लिन्झिंग ऑइल किंवा साधं खोबरेल हलक्या हाताने, ते पुसून मग सौम्य फेसवॉश. साबणाच्या वडीने घासायला जाऊ नका, क्षाराने हळद तांबडी होते, कुंकू त्यातूनच होतं. तरी पिवळट झाक राहिलीच तर शेड तिच्यावर जुळवून घ्यावी लागते, म्हणून मी हळदीनंतरच्या चेहऱ्यावर पुन्हा शेड बघते.

मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासतो तिथे पावडर जास्त दाबायची. होमाच्या धुराने डोळे वाहतात, तेव्हा गालावरून पुसायचं नाही, टिश्यूचं टोक डोळ्याखाली धरायचं. करवलीने पदरात टिश्यू ठेवावेत, केतकी.

त्वचेचीकाळजी

मुरुमांचा त्रास असलेल्यांसाठी. सिलिकोनने छिद्रं बुजतात ही भीती बरीच ऐकू येते. डायमेथिकोन त्वचेच्या वर बसतं, बाळांच्या नॅपी रॅशच्या क्रीममध्येही असतं. त्रास बहुधा रात्री नीट न काढल्यामुळे होतो. टिकाऊ थर नुसत्या पाण्याने निघत नाही.

दुसरी विनंती, नेटवर मिल्क ऑफ मॅग्नेशिया प्रायमर म्हणून लावा असं फिरतं, ते करू नका. तेल शोषतं खरं, पण ते चांगलंच क्षारीय असतं आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. चेहरा कोरडा पडून भगभगतो.

आणि एसपीएफ असलेला प्रायमर म्हणजे सनस्क्रीन नव्हे. एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या थरावर. प्रायमर आपण वाटाण्याएवढा लावतो.

हेल्मेटवाली

तुळशीबागेत घेणाऱ्यांनी खोक्याकडेही बघा. बॅच नंबर, एक्सपायरी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता. परदेशी मालावर आयातदाराचं नाव आणि आयात नोंदणीचा क्रमांक हवा. नुसतं स्टिकर चिकटवलेलं किंवा सील उघडलेलं असेल तर स्वस्त असलं तरी सोडून द्या. एका स्टॉलवर मला टेस्टरच खोक्यात घालून देत होते.

केतकी_वारजे

गणिती आणि रंगपेटीताई, तुमच्या दोघांच्या पद्धतीने केलं. आईने दोन डब्या भरल्या, नाणंही तिनेच उडवलं, मला काही सांगितलं नाही. मग बाजू बदलूनही झालं. परीक्षक म्हणून आत्या. ती डोळ्यांच्या दवाखान्यात होती, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

पावडरशिवाय आत्याने नाकाची बाजू दर वेळी बरोबर ओळखली. जवळ येऊन, नाकाला नाक लावून. पावडर लावल्यावर मात्र तिला सांगता येईना. एकदा तर मॉइश्चरायझरची बाजू बरी म्हणाली. आणि हातभर लांबून, पावडर असो नसो, तिला काहीच फरक दिसला नाही.

पण एक गोष्ट आम्हा दोघींना फोटोत दिसली. जवळून काढलेल्या फोटोत प्रायमरच्या बाजूची कातडी सकाळी फार छान दिसते. ते टिकणं नाही, दिसणं आहे. मला त्यासाठी तो हवा आहे, नाकावर आणि दोन भुवयांच्या मधे, तेवढाच. गालांना नको. ट्यूब वर्षभर पुरेल.

अनुजा_के

कोरड्या त्वचेचा अनुभव देते, कारण सगळा धागा तेलकटांचाच झाला. मला सिलिकोनवाल्याने उलट झालं. दुपारपर्यंत ओठांच्या कडेला आणि गालावर चकत्या. जेलवाला, ग्लिसरीन असलेला, पातळ लावून पूर्ण सुकू दिला, तर फाऊंडेशन संध्याकाळपर्यंत गुळगुळीत राहिलं. पण नुसत्या चांगल्या मॉइश्चरायझरनेही तेच झालं, त्यामुळे ट्यूब बहिणीला देऊन टाकली.

रसायनी

अपेक्षित आहे. तुमच्याकडे शोषायला तेल नाहीच, सिलिका मग आहे तो ओलावा ओढते. ग्लिसरीन तो धरून ठेवतं.

मोरपंखी

एक शंका. उघडलेली ट्यूब वर्षभर पुरेल असं केतकी म्हणाली, पण चालेल का तेवढी?

रसायनी

ट्यूबच्या मागे उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात १२एम किंवा ६एम लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढे महिने. बिनपाण्याच्या सिलिकोन प्रायमरमध्ये जंतू सहसा वाढत नाहीत, पाण्याच्या जेलचं तेवढं सांभाळा. उघडल्याची तारीख पेनने ट्यूबवरच लिहून ठेवा, आणि बाथरूममध्ये ठेवू नका.

केतकी_वारजे

लिहिली तारीख. रंगपेटीताई, टिश्यू पदरात ठेवले तर नऊवारीत ते कुठे खोचायचे, तेही सांगा.

रंगपेटी

डाव्या कमरेला, ओच्याच्या आत छोटा बटवा पिनेने टाचून. त्यात टिश्यू, पावडरचा पफ आणि दोन सेफ्टी पिना. नवरीला सगळ्यांत आधी पिनाच लागतात.